नीट दिसतंय, तरीही पडदा तपासा

मी रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या एका मराठी घरची सून. डॉक्टर नाही. चौदाव्या वर्षापासून इन्सुलिन घेते, म्हणजे टाइप १ मधुमेह. आज बोलायचंय ते गरोदरपणातल्या डोळ्यांबद्दल.

मला दुसरा महिना होता. शुगर, बीपी, सोनोग्राफी, सगळं चालू होतं. डोळ्यांचं मला सुचलंच नाही. महामाया मंदिराकडे जाताना लांबची पाटी वाचता यायची ना! पण शुगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, "आधी पडदा तपासून या."

सासूबाई म्हणाल्या, "अगं, पोटात बाळ असताना डोळ्यांत औषध कशाला?" मीही घाबरले होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोघींना समोर बसवून समजावलं. थेंबांनी बाहुली मोठी होते, काही तास अंधूक दिसतं, पण मागचा पडदा नीट पाहता येतो.

पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके निघाले. सहाव्या महिन्यात तिथे नव्या, नाजूक रक्तवाहिन्या दिसल्या. त्या फुटल्या तर डोळ्यात रक्त उतरतं. आणि मला तोवर काहीच जाणवलं नव्हतं!

असं का होतं? गरोदरपणात रक्ताभिसरण वाढतं, हार्मोन्स बदलतात. बाळासाठी वाढलेली साखर आपण झपाट्याने खाली आणतो, त्याचाही पडद्यावर काही काळ ताण येतो. बीपी वाढलं तर आणखी. म्हणून साखर सांभाळणं सोडायचं नाही. सोबत पडदा दाखवत राहायचं.

माझं लेझर झालं. गरोदरपणात ते करता येतं, बाळाला त्याचा त्रास नाही. डोळ्यातली काही इंजेक्शनं मात्र या काळात शक्यतो टाळतात.

लक्षात ठेवा: मधुमेह आधीपासून असेल तर दिवस राहण्यापूर्वीच पडदा तपासा. मग पहिल्या तीन महिन्यांत, पुढे डॉक्टर सांगतील तसं, आणि बाळंतपणानंतरही वर्षभर. साखर गरोदरपणातच पहिल्यांदा वाढली असेल, तर पडद्याला सहसा धोका नसतो. पण सुरुवातीलाच खूप वाढलेली निघाली तर मधुमेह जुना असू शकतो, तेव्हा डॉक्टरांना विचारा. बाळंतपणानंतर 6 आठवड्यांनी साखर पुन्हा तपासायला विसरू नका.

माझी लेक आता चार वर्षांची आहे. तिच्या वेणीचा भांग मी स्वतः पाडते, अगदी सरळ. आता गल्लीत कुणाकडे गोड बातमी आली, की सासूबाईच आधी विचारतात, "शुगर आहे का गं? मग डोळे दाखवलेस?"