गिरणगावातील नवे नोकरदार
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



सल्लागार कंपन्यांतील नोकरी हा विषय कार्यकारी मंडळाने आम्हांस दिला, तेव्हा प्रथम थोडे नवल वाटले. मग गुणगौरवाची यादी पाहिली. पूर्वी तिच्यात बँक, रेल्वे आणि सचिवालय असे. आता तेथे ज्या कचेऱ्यांची नावे आहेत, त्यांत नेमके कोणते काम चालते हे मुलांच्या आईबापांस सांगता येत नाही. पगाराचा आकडा मात्र सर्वांस पाठ असतो.

ह्या कचेऱ्यांपैकी बऱ्याच लोअर परळ भागात आहेत. फिनिक्स मिलमध्ये बाजार भरला, कमला मिलच्या आवारात कचेऱ्या आल्या, ज्युपिटर आणि एल्फिन्स्टन गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. त्यांपैकी कित्येक पुन्हा आत गेलेच नाहीत. त्याच वाटेने आज गळ्यात ओळखपत्र अडकविलेली आपली मुले जातात. त्या रस्त्यास ना. म. जोशी मार्ग म्हणतात, जुन्या मंडळींच्या तोंडी तो अजून डिलाईल रोड आहे. १९२६ साली बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन स्थापणारे हेच ते जोशी, हे त्या मुलांपैकी किती जणांस ठाऊक असेल, कोण जाणे.

सल्लागार कंपनी विकते काय? कापड नव्हे, यंत्र नव्हे. ती माणसांचा वेळ विकते. वर मोजके भागीदार, त्यांच्याखाली मॅनेजर आणि तळाशी नवी पदवीधर मुले, अशी तिची रचना असते. तळच्या मुलाच्या एका तासाबद्दल अशिलाकडून येणारी रक्कम आणि त्या तासापोटी मुलास मिळणारा पगार, ह्यांतील अंतरावर वरचा मजला उभा असतो. काम हाती यावे म्हणून तासांचा अंदाज पुष्कळदा कमी धरला जातो. प्रत्यक्षात काम वाढते. वाढलेले तास अशील देत नाही, भागीदार सोसत नाही. ते तळाशी येतात.

आणि येथेच खरी गोम आहे. आमच्या परिचयातील एका भगिनींची कन्या अशाच एका कंपनीत आहे. एका कामावर असताना महिनाभर ती मध्यरात्रीपूर्वी घरी आली नाही. टाइमशीटवर मात्र तिने रोज आठच तास लिहिले. आम्ही कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, "काका, जास्त लिहिले तर तुला इतका वेळ का लागतो, असे विचारतात. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात ते येते." म्हणजे जे तास तिने खरोखर वेचले, ते कागदावर घडलेच नाहीत! जे कागदावर नाही, त्याची दाद कोणाकडे मागावी?

गिरणीचा जुलूम निदान उघड होता. भोंगा वाजला की साऱ्या वस्तीस वेळ कळे. रावबहादुर नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरवून जे निवेदन तयार केले, त्यावर ५५०० सह्या होत्या. त्यातील मागण्या आजही वाचण्यासारख्या आहेत: रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, आणि पगार महिन्याच्या १५ तारखेच्या आत. रविवारची सुटी १८९० साली मिळाली. तिच्यासाठी मुंबईस सहा वर्षे लागली, आणि आमच्या परिचित कन्येचा रविवार एका फोनवर जातो.

कायदा नाही असे नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने दिवसास ९ आणि आठवड्यास ४८ तासांची मर्यादा घातली. दैनिक मर्यादा १० तास करण्यास राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मान्यता दिली, हेही ध्यानी असावे. परंतु गोपनीय, व्यवस्थापकीय आणि देखरेखीच्या पदांस हा अधिनियम लागू नाही. आता ह्या कंपन्यांतील पदनामे पाहा! दोन-तीन वर्षांत मूल कशाचे ना कशाचे मॅनेजर होते. घरी पेढे वाटले जातात; कायद्याचे छत्र त्याच दिवशी डोक्यावरून सरकले असेल, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही.

पुण्याची घटना आपण वृत्तपत्रांत वाचली असेल. अर्न्स्ट अँड यंग ह्या जागतिक संस्थेच्या तेथील कचेरीत मार्च २०२४ मध्ये रुजू झालेली २६ वर्षांची सनदी लेखापाल तरुणी जुलैमध्ये वारली. सप्टेंबरमध्ये तिच्या मातेचे संस्थेच्या भारतातील प्रमुखांस लिहिलेले पत्र प्रसिद्ध झाले. वरिष्ठ क्रिकेटच्या सामन्यांसाठी बैठका हलवीत आणि दिवस संपताना काम सोपवीत. अंत्यविधीस संस्थेतून कोणीही आले नाही, असे त्या माउलीने लिहिले होते. कामाच्या ताणामुळे मृत्यू ओढवला हे संस्थेने मान्य केले नाही. अंत्यविधीतील अनुपस्थितीबद्दल प्रमुखांनी खेद व्यक्त केला. मृत्यूच्या कारणाचा निवाडा आम्ही करू इच्छीत नाही. पण पुढे राज्याच्या कामगार खात्याने पाहणी केली, तेव्हा त्या कचेरीची ह्या अधिनियमाखाली नोंदणीच नसल्याचे आढळले. तास कोणी मोजावयाचे होते?

एकांगी बोलणे बरे नव्हे. ह्या नोकरीत दोन वर्षांत जे शिकता येते, ते अन्यत्र दहा वर्षांत मिळत नाही, असे मुले सांगतात, आणि त्यांच्या बोलण्यातील धिटाई पाहून ते पटतेही. शिवाय गिरण्यांच्या विणकाम खात्यात दलित कामगारांस मज्जाव असे. येथे निदान नियमाने कोणाची जात विचारून खुर्ची दिली जात नाही. (ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून हे सांगताना आम्हांस हसू येते, पण खरे ते सांगितलेच पाहिजे.) चांगले वरिष्ठही आहेत. एका चिरंजीवांनी सांगितले की, त्यांच्या मॅनेजर बाई रात्री आठनंतर स्वतः निरोप पाठवीत नाहीत आणि जादा तास टाइमशीटवर लिहावयास लावतात. अशिलाकडे वाढीव रक्कम मागण्याचा अवघड प्रसंग त्या स्वतःच्या अंगावर घेतात. पुढारीपणावर ह्या कंपन्यांत व्याख्याने पुष्कळ होतात, असे ऐकतो. आमच्या मते ह्या बाईंचे वागणे पुरेसे आहे.

राहिला प्रश्न आपला. मूल रात्री एक वाजता येते आणि आपण शेजाऱ्यांस अभिमानाने सांगतो, "फार मोठी जबाबदारी आहे हो!" नोकरी सोडावीशी वाटते असे त्याने म्हटले, तर आपल्याला आधी घराचे हप्ते आठवतात, मग लग्नाचा बाजार. वधूवर सूचक मंडळाच्या अर्जात वार्षिक उत्पन्नाचा रकाना आहे. घरी परतण्याच्या वेळेचा नाही. तो घालावा अशी लेखी सूचना आम्ही चिटणिसांकडे दिली आहे. काही सभासद हसले, हसोत.

दुसरी सूचना कार्यकारी मंडळाने मान्य केली आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा ते बारा, मंडळाच्या वाचनालयात आपल्यातील एक वकील आणि कामगार खात्यातून निवृत्त झालेले एक सभासद बसतील. नेमणूकपत्रातील अटी, राजीनाम्याच्या मुदतीचा काळ, अडकलेला पगार, ह्यांविषयी मुलांनी त्यांस विचारावे. येताना नेमणूकपत्राची प्रत आणावी. कंपनीचे नाव झाकून आणले तरी चालेल.