चार दुखण्यांचें एक मूळ

साठी ओलांडलेल्या गृहस्थाच्या घरीं आज पंचांगाच्या शेजारीं औषधांचा डबा असतो, आणि डब्याच्या शेजारीं वैद्यकीय कागदांच्या तीन-चार फायली. एक मधुमेहाची, दुसरी रक्तदाबाची, तिसरी हृदयाची. अलीकडे ‘यकृतावर चरबी’ या नांवाची चौथीही आली आहे. प्रत्येक फायलीचा डॉक्टर निराळा. माझ्याही कपाटांत अशा तीन आहेत. शरीर मात्र एकच! तेव्हां हीं सारीं दुखणीं एकाच मुळाला फुटलेल्या फांद्या असतील काय, ही शंका मनांत येते, आणि ती वेडगळ खास नव्हे.

मी शाळामास्तर. एखादा मुलगा गणित, भूगोल आणि शुद्धलेखन या तिन्ही विषयांत मागें पडे. चौकशीअंतीं कळे कीं, त्याला फळ्यावरचें दिसतच नाहीं. चष्मा आला कीं तिन्ही विषय सुधारत. दुसराही तसाच तीन विषयांत नापास होई. पण त्याचीं कारणें तीन असत. पहिल्याची गोष्ट मनोहर, म्हणून ती सर्वांच्या लक्षांत राहते. दुसऱ्याची कोणी सांगत नाहीं.

वैद्यकांतही या मनोहर गोष्टीनें घात केला आहे. अमेरिकेंतील ट्रेंटन येथील मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. हेन्री कॉटन यांनीं गेल्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत असें ठरविलें कीं, वेडाचें मूळ दांतांत, टॉन्सिलांत आणि आंतड्यांत दडलेल्या जंतुदोषांत आहे. रुग्णांचे दांत उपटले गेले, टॉन्सिल काढले गेले, कित्येकांचें मोठें आंतडें कापलें गेलें, आणि त्या शस्त्रक्रियांनीं पुष्कळ माणसें दगावलीं. गुण आला नाहीं कीं पुढचा अवयव संशयित ठरे. मूळ कल्पनेवर मात्र संशय येत नसे.

मग खरें मूळ ओळखावें कसें? स्टॅन्फर्ड विद्यापीठाचे डॉ. जेराल्ड रीव्हन यांनीं १९८८ सालीं मांडलेला विचार मला यासाठींच मोलाचा वाटतो. त्यांनीं मुळापासून फांद्यांपर्यंतची वाट शोधली. स्वादुपिंडांतून निघणाऱ्या इन्सुलिनमुळें रक्तांतील साखर पेशींत शिरते. कांहीं माणसांच्या पेशी या इन्सुलिनला पुरती दाद देत नाहींत. मग स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन ओततें आणि वर्षानुवर्षें साखर काबूंत ठेवतें. परंतु हें वाढलेलें इन्सुलिन मूत्रपिंडांना मीठ धरून ठेवावयास लावतें, त्यानें रक्तदाबाला हातभार लागतो. यकृत अधिक चरबी बनवूं लागतें, तींतली कांहीं रक्तांत फिरते, कांहीं तेथेंच सांचते. शेवटीं स्वादुपिंड थकतें. ज्या दिवशीं ‘साखर निघाली’ असें आपण म्हणतों, त्याच्या कित्येक वर्षें आधीं ही घडामोड सुरू झालेली असते. आणि कसोटीही हातांत आहे: रोजच्या चालण्यानें व कमरेचा घेर उतरविल्यानें साखर, दाब आणि रक्तांतील चरबी हीं तिन्ही बहुधा बरोबरच उतरूं लागतात.

पण आपल्याकडे अंगानें सडपातळ माणसालाही हें दुखणें जडतें, तें कां? येथें पुण्याचें नांव घेतलें पाहिजे. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यूडकिन या दोघांचें एक छायाचित्र २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत छापून आलें. उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, शरीरांतील चरबी मात्र यूडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! तराजू जें सांगत नाहीं, तें शिंप्याची फीत सांगते. आपल्याकडील पुरुषांचा पोटाचा घेर ९० आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आंत असावा.

ही चरबी येते कोठून? इंग्लंडांत डेव्हिड बार्कर यांनीं १९८९ सालीं हर्टफर्डशायरमधील ५६५४ पुरुषांच्या बालपणींच्या नोंदी तपासून दाखविलें कीं, ज्यांचें वजन जन्मतः आणि वर्षाअखेर सर्वांत कमी, त्यांच्यांत हृदयविकाराचे मृत्यू सर्वांत अधिक. पुण्याजवळच्या सहा गांवांत १९९३ पासून याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं गरोदर स्त्रियांची पाहणी केली. तेथील बाळें सरासरी २.७ किलोंचीं, इंग्लंडांतील साउदॅम्प्टनचीं ३.५ किलोंचीं. आपलीं बाळें लहान, स्नायूंनीं रोड. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानें राखलेली. आईनें एकंदर किती खाल्लें याच्याशीं बाळाच्या वजनाचा फारसा संबंध दिसला नाहीं. पालेभाज्या आणि फळें ती किती वेळां खाते, याच्याशीं तो दिसला. आणि निम्म्याहून अधिक मातांच्या रक्तांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होतें. सर्वांचीं जेवणें उरकल्यावर सुनेच्या पानांत काय उरतें, हा प्रश्न आपल्या घरांत सहसा कोणी विचारीत नाहीं.

एवढें सांगून एक सावधगिरीही सांगतों. या दुखण्यांच्या जुडग्याला एक नांव देऊन उपचारांत अधिक काय साधतें, असा प्रश्न अमेरिकेच्या व युरोपच्या मधुमेह-संस्थांनींच २००५ सालीं विचारला आहे. प्रत्येक दुखण्यावर औषध घ्यावें लागतेंच. शिवाय थायरॉइडचा विकार मधुमेहाच्या शेजारीं येऊन बसला, म्हणून तो त्याच मुळाचा ठरत नाहीं. कधीं कधीं तर मूळ आपल्या डब्यांतच असतें: रक्तदाबावरील कांहीं गोळ्यांनीं कोरडा खोकला येतो, आणि आपण त्याची पांचवी फायल उघडतों! यासाठीं वर्षांतून एकदां तरी साऱ्या फायली आणि सारा डबा एकाच डॉक्टरसमोर मांडावा. डॉक्टर कुरकुरतील, कुरकुरूं द्यावें.

त्या सहा गांवांतलीं तीं बाळें आज तिशींत आहेत. तीं वयांत आल्यावर, २०१२ पासून, त्यांना ब-१२ आणि इतर जीवनसत्त्वें देऊन पाहण्याचा प्रयोग हातीं घेतला गेला, आणि तोही त्यांचें लग्न व मूल होण्याच्या आधींपासून. माझ्या तीन फायलींना आतां याचा उपयोग नाहीं. पण घरांत नात वाढते आहे, आणि तिच्या पानांत पालेभाजी पडते कीं नाहीं, हें मी रोज पाहतों.