शुद्ध रक्ताचा भ्रम

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा संक्षेप)



वंशशुद्धीचा पुरस्कार करणाऱ्यांना उत्तर देताना आपण बहुधा ‘सर्व माणसे एकच’ या सद्भावनेवर थांबतो. सद्भावनेने वाद मिटत नाही; पुरावा पाहावा लागतो. युरोपातील प्राचीन सांगाड्यांतून, विशेषतः कानाच्या आतील टणक हाडातून, मिळालेल्या डीएनएने असा पुरावा आता विपुल प्रमाणात उपलब्ध करून दिला आहे.

‘नवाश्मयुगीन क्रांती’ ही संज्ञा १९३०च्या दशकात गॉर्डन चाइल्ड या मार्क्सवादी पुरातत्त्वज्ञाने रूढ केली. शेती ही उत्पादनपद्धतीतील क्रांती होय, हे त्याचे प्रतिपादन टिकले आहे. प्रश्न होता तो ही क्रांती युरोपात पोचली कशी, हा. तेथील शिकारी पेरणी शिकले, की पेरणारेच चालत आले? डीएनएचे उत्तर असे की, मुख्यतः माणसेच आली. सुमारे ८,५०० वर्षांपूर्वी अनातोलियातून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, शेतकरी ग्रीसमध्ये आले आणि हजारएक वर्षांत डॅन्यूबच्या खोऱ्याने मध्य युरोपात पोचले. तेवढ्याच भूमीवर शेती शिकारीपेक्षा कितीतरी अधिक तोंडे पोसते. शेतकऱ्यांचे बळ होते ते या संख्येत. कोणत्याही वांशिक श्रेष्ठत्वात नव्हे.

मध्य युरोपातील आरंभीच्या शेतकऱ्यांत स्थानिक शिकाऱ्यांचा अंश अत्यल्प आढळतो. परंतु पुढील दोन-अडीच हजार वर्षांत तो जर्मनी, हंगेरी, स्पेन या प्रदेशांत, प्रत्येक ठिकाणी निराळ्या गतीने, वाढत गेला. सर्बियात डॅन्यूबकाठी लेपेन्स्की वीर येथे मासेमारांच्या वस्तीत बाहेरून आलेले शेतकरी आणि उभयतांची मिश्र संतती यांचे अवशेष मिळाले. जर्मनीतील ब्लेटरहोले या गुहेत तर शेतीच्या आगमनानंतर सुमारे दोन हजार वर्षांनीही मासे खाऊन जगणारे आणि शेतीवर जगणारे, असे दोन्ही लोक पुरलेले सापडले. जुनी उत्पादनपद्धती एका दिवसात नष्ट होत नाही, याचे याहून बोलके उदाहरण कोणते?

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मिश्रण झाले म्हणजे समता होती, असे नव्हे. सबळांनी दुर्बळांच्या स्त्रिया नेल्या, असे आपण सहज गृहीत धरतो. पण उत्तरकालीन शेतकरी पुरुषांत शिकाऱ्यांकडून आलेले पितृवंशच वारंवार आढळतात. हा संबंध सोयरिकीचा होता, चाकरीचा होता की बळजबरीचा, हे डीएनए सांगत नाही. तो आईबाप सांगतो, त्यांच्यामधील करार सांगत नाही. ते शोधण्यासाठी घरे, थडगी, हत्यारे आणि धान्याची कोठारेच पाहावी लागतात.

सुमारे ५,००० वर्षांपूर्वी गवताळ प्रदेशातील पशुपालक आले आणि आजच्या बहुतेक युरोपीय समाजांचा तिसरा मोठा घटक ठरले. स्पेनमधील ला ब्रान्या येथील ७,००० वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्याचे डोळे निळे, पण कातडी सावळी असावी, असा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. मडक्यांच्या घाटावरून वंश ठरवणाऱ्या गुस्ताफ कोसिनाचा सिद्धान्त नाझींनी उचलून धरला होता. त्या सिद्धान्ताला आता पायच उरलेला नाही.

हा साचा जसाच्या तसा भारताला लावू नये. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राखीगढी येथे केलेल्या उत्खननातील एका स्त्रीचा डीएनए २०१९ साली प्रसिद्ध झाला. तीत दक्षिण आशियातील शिकाऱ्यांचा आणि इराणच्या प्राचीन रहिवाशांशी नाते सांगणाऱ्या लोकांचा असे दोन वंशप्रवाह मिसळलेले आढळले. मात्र हे नाते शेतीच्या उदयापूर्वीच दुरावले होते. म्हणजे इतिहास निराळा, पण शुद्धता येथेही नाहीच.

तथापि, उद्या एखादा समाज खरोखरच अमिश्र निघाला, तर त्याचे हक्क कमी-अधिक होतील काय? समतेची मागणी आपण हाडांवर उभी करत नाही. हाडांच्या नावाने विषमता उभी करणाऱ्यांच्या हातातील खोटा दाखला काढून घेणे, एवढेच या विज्ञानाचे साहाय्य आहे. उरलेले काम आपले आहे.