वाळ्याच्या सुगंधाची पारख



नरकचतुर्दशीच्या पहाटे महाराष्ट्रांत जें उटणें अंगाला लावलें जातें, त्यांत वाळा असतो, नागरमोथा असतो, कचोरा असतो आणि पुष्कळ घरीं वाळवून कुटलेली संत्र्याची सालही असते. जमिनीखालचें मूळ आणि फांदीवरच्या फळाची साल यांची ही जोडी घरांतील वडीलधाऱ्या बायकांनीं पिढ्यान्‌पिढ्या एकाच वाटींत कालविली आहे. तीच जोडी आज फ्रान्समधील कारागिराच्या हातून कांचेच्या बाटलींत बसते आणि चांगली भारी किंमत घेऊन आपल्या शहरांतील दुकानांत येऊन उभी राहते. ती अंगावर घालावी कीं नाहीं, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा व ऐपतीचा प्रश्न आहे. परंतु तिची पारख कशी करावी, याला मात्र कांहीं नियम आहेत. दुकानांत उभ्या उभ्या बाटली हुंगून दिलेलें मत बहुधा चुकतें. मग पैसे वायां जातात आणि पुष्कळदां एका चांगल्या वस्तूवर अन्यायही होतो.

प्रथम सालीचा विचार करूं. संत्र्याची साल दिव्याच्या ज्योतीपुढें दाबून ठिणग्या उडविण्याचा खेळ ज्यांनीं लहानपणीं केला असेल, त्यांना तिच्यांतील तेलाची निराळी ओळख करून देण्याचें कारण नाहीं. सालीच्या वरच्या थरांत बारीक बारीक पिशव्या असतात. दाब पडतांच त्या फुटतात आणि तेलाचे तुषार बाहेर उडतात. संत्रें, लिंबू, बर्गामॉट इत्यादि फळांचीं सुगंधी तेलें बहुतेक अशी साल दाबूनच काढतात. संत्र्याच्या तेलांत लिमोनीन नांवाच्या द्रव्याचा भाग शेकडा ९० हून अधिक असतो. तें अतिशय हलकें असतें, आणि फळ सोलतांना घरभर पसरलेला वास पाहतां पाहतां नाहींसा होतो, त्याचें कारणही हेंच.

वाळ्याची गोष्ट अगदीं उलट. वाळा हें गवत; पण त्याच्या पात्यांना म्हणण्यासारखा वास नाहीं, सारा सुगंध मुळांत सांठविलेला. हीं मुळें जमिनींत तीन-चार मीटर खोल जातात. म्हणूनच बांधावर लावलेला वाळा पावसाळ्यांत माती धरून ठेवतो; पण सुगंध हवा असेल तर तेंच मूळ उपटून काढावें लागतें. तमिळमध्यें त्याला 'वेट्टिवेर', म्हणजे खणून काढलेलें मूळ, असें म्हणतात. याच शब्दापासून युरोपांत 'व्हेटिव्हर' हें नांव रूढ झालें. संस्कृतांत त्याचें नांव उशीर. कालिदासाच्या शाकुंतलांत तिसऱ्या अंकाच्या आरंभीं शकुंतलेच्या अंगाचा दाह शमविण्यासाठीं उशीराचा लेप नेला जातो. उन्हाळ्यांत दाराला वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडणारे आणि माठांत वाळ्याची जुडी टाकणारे लोक त्याच परंपरेंतले होत.

लागवड केलेल्या वाळ्याचीं मुळें साधारणपणें वर्ष-दीड वर्षानें खणतात. शंभर किलो वाळलेल्या मुळांतून सामान्यतः किलो-दोन किलोपलीकडे तेल मिळत नाहीं, आणि तेंही पुष्कळ तासांच्या ऊर्ध्वपातनानंतर. कनोजचे अत्तरवाले तांब्याच्या देगेंतून जो 'रूह खस' काढतात, त्याला तांब्यामुळें हिरवट रंग येतो. त्याचा वास ओल्या मातीसारखा, गडद आणि थोडा रानटी असतो. युरोपांतील सुगंधांत वापरलें जाणारें तेल मुख्यतः हैती व जावा येथून येतें.

आतां एक हलकें आणि एक जड, अशीं हीं दोन द्रव्यें एका बाटलींत घातलीं म्हणजे काय होतें तें पाहावें. लिमोनीनच्या रेणूंत कर्बाचे दहा परमाणु असतात. वाळ्याच्या तेलांतील खुसिमोल नांवाच्या द्रव्यांत पंधरा. जें हलकें तें लौकर उडतें, जें जड तें मागें राहतें. विल्यम पाउचर या इंग्रज सुगंधतज्ज्ञानें १९५५ सालीं सुगंधी द्रव्यांच्या टिकण्याला एकपासून शंभरपर्यंत आंकडे देऊन एक कोष्टक प्रसिद्ध केलें. त्यांत लिंबू-संत्र्यांचीं तेलें खालच्या टोकाकडे आणि वाळा वरच्या टोकाला आहे. याचा अर्थ असा कीं, बाटली एक असली तरी तींतून दोन निरनिराळे सुगंध एकामागून एक येणार. दुकानदार विकतो तो पहिला; घेणारा दिवसभर ज्याच्याबरोबर राहतो तो दुसरा.

कोलोन शहरीं योहान मारिया फारिना यानें १७०९ सालीं लिंबूवर्गीय फळांच्या तेलांवर आधारलेलें जें प्रसिद्ध सुगंधी पाणी काढलें, त्याची टवटवी मोठी. पण ती फार वेळ टिकणारी नव्हती. तिला खालून आधार देण्याचे जे अनेक प्रयत्न पुढें झाले, त्यांत वाळ्याचा प्रयत्न विशेष यशस्वी ठरला. पॅरिसच्या गेर्लें या पेढीसाठीं जाँ-पोल गेर्लें यानें १९५९ सालीं केवळ वाळ्याचेंच नांव दिलेला एक सुगंध सिद्ध केला. त्यांत लिंबूवर्गाखालीं जायफळ आणि तंबाखू यांची छटा आहे. त्यानंतर २००६ सालीं जाँ-क्लोद एलेना यानें एर्मेस या पेढीसाठीं 'तेर द'एर्मेस' तयार केला. 'तेर' म्हणजे माती.

या दुसऱ्या सुगंधाचें उदाहरण पारख शिकण्यास फार सोयीचें आहे. तो लावतांच संत्रें आणि पपनसाच्या जातीचें ग्रेपफ्रूट हीं पुढें येतात. गोडव्याबरोबर सालीचा किंचित् कडवटपणाही जाणवतो. पाव तासानें फळें मागें सरूं लागतात आणि मिरी पुढें येते. तिच्याबरोबर एक कोरडा, दगडासारखा वास येतो. लहानपणीं दोन गारगोट्या एकमेकींवर आपटून जो वास येत असे, त्याची तो आठवण करून देतो. दुपारपर्यंत वाळा, देवदाराच्या जातीचें लाकूड आणि थोडासा ऊद एवढेंच काय तें उरतें. येथें खरी पारख साल आणि मूळ यांच्यामधल्या सांध्याची आहे. हलक्या प्रतीच्या सुगंधांत संत्रें संपतें आणि वाळा सुरू होतो, यांत एक पोकळी पडते. जणूं एक माणूस बोलून उठून गेला आणि दुसरा अजून आलाच नाहीं. एलेनाच्या रचनेंत मिरी व दगड ही पोकळी भरून काढतात. दोष द्यावयाचा झाल्यास एवढाच कीं, त्यांतील वाळा फार धुतलेला, शहरी आहे. ज्याच्या नाकांत कनोजचा रूह खस बसला आहे, त्याला तो फिका वाटेल.

अशी पारख करण्याची रीत अवघड नाहीं. प्रथम कागदाच्या पट्टीवर घेऊन पाहावें, आवडल्यास मग मनगटावर एकच फवारा घ्यावा. दोन्हीं मनगटें एकमेकांवर घांसूं नयेत; उबेनें वरचा हलका भाग लौकर उडून जातो. एका दिवशीं एकच सुगंध तपासावा, फार तर दोन, आणि तेही निरनिराळ्या हातांवर. दुकानांत नाक ताजें करण्यासाठीं कॉफीच्या बिया हुंगावयास देतात. त्यापेक्षां दाराबाहेर मोकळ्या हवेंत क्षणभर उभें राहावें हें बरें. लावतांच एकदां, पाव तासानें एकदां, तासानें, चार तासांनीं आणि दुसरे दिवशीं सकाळीं कपड्यावर, असें पांच वेळां पाहून मग मत बनवावें. उष्णतेनें सुगंध लौकर उडतो. म्हणून पौषांत पसंत केलेला सुगंध वैशाखांत पुन्हां तपासावा लागतो. आणखी एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. बर्गामॉटच्या व लिंबाच्या सालीच्या तेलांत कांहीं द्रव्यें अशीं असतात कीं, तीं त्वचेवर असतांना कडक ऊन लागल्यास कातडी भाजते व डाग पडतात. तयार सुगंधांत त्यांचें प्रमाण मर्यादित ठेवतात. परंतु कच्चें तेल अंगाला लावून उन्हांत कधींही जाऊं नये.

इतकें सारें केलें तरी एक अडचण उरते, आणि ती स्वतःच्या नाकाची. एकच वास सतत येऊं लागला म्हणजे नाक आणि मेंदू त्याची दखल घेणें सोडून देतात. दुसऱ्याच्या घराचा वास दारांतच जाणवतो, स्वतःच्या घराचा जाणवत नाहीं, तो यामुळेंच. एका वृद्ध गृहस्थांची हकीकत या बाबतींत ऐकण्यासारखी आहे. त्यांची पत्नी हयात असतांना दर उन्हाळ्यांत माठांत वाळ्याची जुडी टाकीत असे. तिच्या मागें तो माठही माळ्यावर गेला. परदेशीं असलेल्या मुलानें त्यांना एक बाटली धाडली आणि पत्रांत लिहिलें, "बाबा, यांत वाळा आहे." गृहस्थांनीं सकाळीं बाटली उघडली, तर संत्र्याचा वास! मनगट पुन्हां पुन्हां हुंगून पाहिलें, सदऱ्यावरही एक फवारा मारला; पण तासाभरानें कांहींच वास येईना. तेव्हां आणखी दोन फवारे मारून ते वाचनालयांत गेले. तेथें शेजारच्या वाचकानें मुकाट्यानें उठून खिडकी उघडली. भिडेस्तव तो बोलला कांहीं नाहीं. बाटली खोटी, असें मनाशीं ठरवून ते संध्याकाळीं घरीं परतले. दारांतच नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही माठांत पडलांत का?"

त्या पोरीचा जन्म होण्यापूर्वीं माठ माळ्यावर गेला नव्हता. वाळ्याचें पाणी तिनें आजीच्या हातचें प्यालें होतें. गृहस्थ कांहीं बोलले नाहींत. दुसरे दिवशीं सकाळीं खुंटीवरचा सदरा धुण्यास टाकण्यासाठीं त्यांनीं उचलला. रात्रीच्या झोंपेनें नाक ताजें झालें होतें, आणि संत्रें केव्हांच उडून गेलें होतें. बाहींत उरला होता तो एकटा वाळा. सदरा हातांत घेऊन ते बराच वेळ तेथेंच उभे राहिले. बाटली खोटी नव्हती. त्यांनीं तिला एक रात्र दिली नव्हती, आणि ज्यांच्या नाकाला तो वास येत होता त्यांना विचारलें नव्हतें. त्या दिवसापासून ते एकच फवारा घेऊं लागले, आणि तो पुरेसा आहे कीं अधिक, हें सांगण्याचें काम नातीकडे गेलें.

२०२० सालीं आलेल्या साथींत असंख्य माणसांचें घ्राणज्ञान कांहीं दिवस, कित्येकांचें कांहीं महिने, नाहींसें झालें होतें. चहा, फोडणी, पहिला पाऊस यांचा वास गेल्यावर घर परकें वाटतें, हें त्या वेळीं अनेकांना प्रथमच कळलें. असें हें ज्ञान दुकानांतल्या पांच मिनिटांच्या हवालीं करणें बरें नाहीं. आपल्या जुन्या समारंभांत पानसुपारीच्या वेळीं यजमान पाहुण्याच्या हाताच्या पाठीवर अत्तर लावीत. पाहुणा तें घेऊन वाटेला लागे, घरीं पोंचे, आणि घरची माणसें त्यावर आपलें मत देत. पारखीची ती रीत आजही उपयोगी आहे. वाळ्याची आणि संत्र्याची नवी बाटली घेण्याचा ज्यांचा विचार असेल, त्यांनीं आज दुकानांत एक फवारा मनगटावर आणि एक बाहीवर घेऊन कांहीं न घेतां घरीं यावें, संध्याकाळीं घरच्यांना विचारावें, आणि उद्यां सकाळीं ती बाही हुंगून मग काय तें ठरवावें.