तिपेडी वेणी का सुटली?

मंडळी, कार्यक्रमपत्रिकेत माझ्या व्याख्यानाखाली जेवणाची वेळ छापली आहे, तेव्हा डीएनएची सगळी कथा सांगत बसत नाही. त्याच्या अंगावरच्या विजेपुरतंच बोलतो. पाठ्यपुस्तकं ती एका ओळीत उरकतात. मला तो अन्याय वाटतो.

डीएनए हे आम्ल आहे. १८६९ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगनला फ्रीडरिश मीशर यांनी जखमांच्या पट्ट्यांवरच्या पुवातून हा पदार्थ वेगळा केला, तेव्हाच त्यात फॉस्फरस बराच असल्याचं त्यांना दिसलं होतं. साखर, फॉस्फेट, पुन्हा साखर, पुन्हा फॉस्फेट अशी ही साखळी. पेशीतल्या पाण्यात प्रत्येक फॉस्फेट आपला प्रोटॉन सोडून देतं आणि त्याच्यावर एक ऋणप्रभार उरतो. माणसाच्या एका पेशीत सुमारे ६४० कोटी बेस-जोड्या, जोडीमागे दोन प्रभार. हिशेब तुम्हीच करा.

आता गंमत पाहा. १९५३ च्या फेब्रुवारीत लायनस पॉलिंग आणि रॉबर्ट कोरी यांनी डीएनएची रचना प्रसिद्ध केली. तिपेडी वेणी! फॉस्फेटं मधोमध, एकमेकांना खेटून. ती जमावीत म्हणून त्यांचे प्रोटॉन त्यांच्याकडेच राहू दिले होते. म्हणजे आम्लाचं आम्लपणच गेलं. प्रोटॉन सुटले की ऋणाला ऋण ढकलणार आणि वेणी सुटणार. पॉलिंग म्हणजे रसायनशास्त्रातला त्या काळचा सर्वांत मोठा माणूस. त्यांनी हे विसरावं!

पण हसण्याआधी थांबा. वॉटसन आणि क्रिक यांनीही १९५१ मध्ये तिपेडीच रचली होती, फॉस्फेटं आत, मॅग्नेशियमने बांधलेली. रोझलिंड फ्रँकलिन केंब्रिजला आल्या, त्यांनी ती पाहिली आणि मोडीत काढली. डीएनए भरपूर पाणी धरतो, मग फॉस्फेटं बाहेरच्या बाजूलाच हवीत, असं त्यांचं म्हणणं. वॉटसन आणि क्रिक यांच्याच एप्रिल १९५३ मधल्या दुपेडी रचनेत ती बाहेरच आहेत. याचं श्रेय बाईंना फार उशिरा मिळालं.

ऋणप्रभाराचे फायदेही आहेत. त्याच्यामुळे साखळीचे सांधे पाण्याच्या माऱ्यातही सहजी तुटत नाहीत. आणि ताणला तर दोन मीटर भरेल एवढा धागा पेशीकेंद्रात मावतो, कारण हिस्टोन नावाची धनप्रभारित प्रथिनं त्याला रिळासारखं गुंडाळून घेतात.

प्रयोगशाळेत तर आम्ही त्याच्याच जिवावर जगतो. जेलमध्ये वीज सोडली की डीएनए धन टोकाकडे धावतो, लहान तुकडे पुढे, मोठे मागे. विद्यार्थिदशेत मी एकदा तारा उलट जोडून चहाला गेलो. परत येतो तो जेल रिकामं, आठवडाभराचं काम मागच्या मागे द्रावणात वाहून गेलेलं. काळी तार कुठली नि लाल कुठली, हे त्यानंतर मला कुणी सांगावं लागलं नाही.

मुलांना दाखवायचं असेल तर केळं कुस्करा, त्यात पाणी, भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब आणि चिमूटभर मीठ घाला, गाळा आणि पेल्याच्या कडेने फ्रीजरमधलं रबिंग अल्कोहोल हलकेच सोडा. पांढरे तंतू वर येतील. मिठातला सोडियम ऋणप्रभार झाकतो, म्हणून ते एकत्र येतात. तेव्हा मीठ विसरू नका. आणि ते केळं कुणाला खायला देऊ नका.