दीड मिलिमीटर
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातील माझी वाटचाल’ असा विषय दिला होता. तो विषय या सभागृहात निदान आठ जणांचा आहे, आणि आठही जणांची वाटचाल पुणे, बंगळूर, परत पुणे अशीच आहे. म्हणून त्यांची परवानगी काढून मी वेगळंच काही सांगते. वस्तऱ्याच्या मुठीला चुकीच्या जागी भोक पडलं तर ते कसं दुरुस्त करायचं.

हसा, पण ऐका. कारण तो वस्तरा आपल्याच वर्गातल्या एकाच्या वडिलांचा आहे. नाव सांगत नाही, तो इथेच बसलाय आणि आत्ताच लाल झालाय.

त्याच्या वडिलांचं सलून आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. काकांकडे जर्मनीतल्या सोलिंगेनचा एक जुना वस्तरा होता. पुढे सगळीकडे अर्धं ब्लेड घालायचे वस्तरे आले आणि हा कपाटात गेला. पातं उत्तम राहिलं, पण सेल्युलॉइडची मूठ तडकली. सेल्युलॉइड म्हातारं झालं की नुसतं फुटत नाही, त्यातून निघणाऱ्या वाफेनं पात्यालाही गंज चढतो. तेव्हा मूठ बदलणं भागच होतं. सलून बंद करताना खुर्चीचा एक शिसवी हात याने ठेवून घेतला होता. त्यातून याने स्वतः दोन पट्ट्या कापल्या, घासल्या, आणि भोकं पाडली. एक बरोबर पडलं. दुसरं दीड मिलिमीटर सरकलं. लाकूड संपलेलं होतं. नखाएवढे दोन तुकडे उरले होते, तेवढेच. मग मला फोन: “अगं, तुझ्याकडे ड्रिल आहे ना स्टँडवालं?”

आहे. दिवसभर पडद्यावर काम करून संध्याकाळी हाताला काहीतरी खरं लागतं, म्हणून मी गेली काही वर्षं लाकडाचं काम करते. कार्यानुभवाच्या तासाला आम्हा मुलींना टाके घालायला बसवायचे आणि सुतारकाम मुलांना, याचा हिशोब मी अजून चुकता करते आहे असं समजा.

आता दीड मिलिमीटरने काय बिघडतं? वस्तऱ्याच्या मुठीला दोन पट्ट्या असतात, जेमतेम तीन मिलिमीटर जाड. एका टोकाला दोन्हींच्या मध्ये एक पाचर असते, दुसऱ्या टोकाला पात्याचं शेपूट. शेपटातून आणि दोन्ही पट्ट्यांतून एकच पितळी पिन आरपार जाते, साधारण १.६ मिलिमीटर जाडीची. सगळं पातं त्या पिनेवर फिरतं. दोन भोकं समोरासमोर नसली की पिन तिरकी, पिन तिरकी की पातं तिरकं, आणि बंद करताना धार एका पट्टीच्या आतल्या अंगाला घासते. धार जाते, लाकूड कापलं जातं. भोक दुसऱ्या दिशेला सरकलं असतं तर आणखी वाईट: पाठीकडे फार गेलं तर मिटलेल्या वस्तऱ्याची धार मागून बाहेर डोकावते आणि उचलणाऱ्याचं बोट जातं. पाचरेकडे गेलं तर पात्याचं टोक पाचरेवर आपटतं.

यातली गंमत अशी की भोक भरपूर चुकलं असतं तर काम सोपं होतं. चांगलं एक सेंटिमीटर लांब पडलं असतं, तर जुनं बुजवायचं आणि योग्य जागी नवं पाडायचं. पण दीड मिलिमीटर म्हणजे पिनेच्या जाडीपेक्षाही कमी. नवं भोक जुन्याला कडेने चावतं. ड्रिलचं बिट आळशी असतं, जिथे कमी विरोध तिथे घसरतं, आणि तुम्ही कितीही नेम धरला तरी परत जुन्याच भोकात जाऊन बसतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले एका अंकाने चुकलेल्या हिशोबाला सगळ्यात जास्त घाबरतो, ते उगाच नाही.

बहुतेक लोक लाकडाचा भुसा आणि फेविक्विक भरतात. दिसायला झकास, पण पिनेचा भार झेलणाऱ्या जागी माझा त्यावर विश्वास नाही. कोणी पितळेची कांडी ठोकून बुजवतात. तिच्या शेजारी ड्रिल केलं की बिट पितळेवरून घसरून मऊ लाकडात पळतं. तिसरा उपाय म्हणजे पट्टी टाकून नवी करा. एरवी मी हाच सल्ला देते. इथे तो लागू नव्हता.

मग असं केलं. आधी पात्याच्या धारेला जाड चिकटपट्टी गुंडाळली. हे कधीही विसरायचं नाही. चुकलेल्या भोकात टूथपिकचा तुकडा फेविक्विकने बसवला. हे फक्त बिटाला फसवण्यापुरतं, कायमचं नाही. बरोबर असलेली पट्टी वर आणि चुकलेली खाली, मध्ये दुहेरी चिकटपट्टी, कडा तंतोतंत जुळवून. खाली एक टाकाऊ फळी, म्हणजे बिट बाहेर पडताना लाकडाच्या ढलप्या निघत नाहीत. वरच्या बरोबर भोकातूनच बिट खाली उतरवलं. वरच्या पट्टीने त्याला सरळ धरून ठेवलं. आता खरं केंद्र मिळालं. पट्ट्या सोडवल्या आणि त्या केंद्रावर टोकदार नाकाच्या बिटाने पाच मिलिमीटरचं भोक पाडलं.

हो, भोक मोठं केलं. हे ऐकून मालक फोनवर गप्प झाला होता. पण हिशोब बघा: जुन्या भोकाची लांबची कड नव्या केंद्रापासून २.३ मिलिमीटरवर. पाच मिलिमीटरच्या भोकाची त्रिज्या अडीच. म्हणजे जुनं भोक पूर्ण गिळलं गेलं, टूथपिकसकट. पिनेच्या टोकाला पट्टी सुमारे तेरा मिलिमीटर रुंद, तेव्हा दोन्ही बाजूंना चारेक मिलिमीटर शाबूत लाकूड उरलं.

उरलेल्या शिसवी तुकड्यातून बूच काढलं. रेषा पट्टीच्या रेषेशी समांतर ठेवल्या, कारण पावसाळ्यात लाकूड रेषेला आडवं फुगतं. बूच आणि पट्टी एकाच दिशेने फुगली पाहिजेत. पहिलं बूच कानशीखाली फुटलं. उरला एकच तुकडा. त्या संध्याकाळी मी काम थांबवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा घेऊन, दुसरं केलं. ते बसलं. अॅराल्डाइट लावून चोवीस तास शिवले नाही. मग पुन्हा चांगली पट्टी वर ठेवून बुचाच्या बरोबर मध्यावर १.६ चं भोक.

लगेच पिन ठोकायची नसते. आधी बारीक नट-बोल्ट घालून दहा-वीस वेळा उघडून मिटून पाहिलं. पातं मधोमध. तेव्हा कुठे पितळी सळी, दोन्ही बाजूंना सहा मिलिमीटरचे वॉशर, आणि छोट्या हातोडीने अलगद टकटक, थोडी या बाजूने, थोडी त्या बाजूने, सळीचं डोकं पसरेपर्यंत. पातं स्वतःच्या वजनाने खाली पडता कामा नये, पण अंगठ्याने सहज उघडलं पाहिजे. बूच वॉशरखाली झाकलं गेलं.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं तो वस्तरा काकांकडे घेऊन गेलो. त्यांनी तो एका हाताने उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मुठीकडे बघितलं, खुर्चीचं लाकूड ओळखलं, पण त्यावर काही बोलले नाहीत. अंगठा धारेवरून आडवा फिरवला आणि मुलाला म्हणाले, “पट्ट्यावर मारलेला नाही हा. असा गिऱ्हाइकाला लावू नकोस.”

सध्या मी चांगलं चामडं शोधते आहे. कोणाच्या ओळखीचं दुकान असेल तर जेवणाच्या सुट्टीत सांगा.