साखळीचा पहिला दुवा

नागपूरहून भोपाळकडे निघालेली आगगाडी इटारसी सोडते, नर्मदा ओलांडते, विंध्याचा घाट चढून ओबेदुल्लागंज मागे टाकते आणि भोपाळच्या मुख्य स्थानकाआधी हबीबगंजला येते. 2021 च्या नोव्हेंबरात त्या स्थानकाला राणी कमलापती हे नाव देण्यात आले. भोवतालची वस्ती मात्र हबीबगंज ह्या जुन्याच नावाने ओळखली जाते. ह्या वाटेवरून जाताना हॉकीच्या चाहत्याला दोन गोष्टी आठवल्यावाचून राहात नाहीत. 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकात कांस्यपदक मिळविणाऱ्या भारतीय संघातील विवेक सागर प्रसाद हा इटारसीजवळच्या खेड्यातला, आणि त्याची जडणघडण झाली ती भोपाळच्या हॉकी प्रबोधिनीत. दुसरी गोष्ट अशी की, ओबेदुल्ला खाँ ह्यांच्या नावाने भोपाळात 1931 पासून हॉकीची सुवर्णचषक स्पर्धा भरू लागली.

तरीही आज मी तुम्हांला थोडे दूर, थेट कॅनडातील माँट्रियल शहरी नेणार आहे. तेथली हॉकी बर्फावरची. पायांत पोलादी पात्यांचे बूट, हातात लांब दांड्याची काठी, चेंडूच्या जागी कठीण रबराची चपटी चकती. एका वेळी एका बाजूचे सहाच गडी उतरतात आणि वीस-वीस मिनिटांच्या तीन खंडांत सामना संपतो. आपल्या हॉकीशी हिचे साम्य काठीपुरतेच, असे कोणी म्हणेल. परंतु खेळ कशाने जगतो आणि कशाने मरतो, हे पाहू गेल्यास दोन्ही हॉकींची कुंडली एकच निघते.

कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली ह्यांनी 1892 मध्ये एक चषक देऊ केला आणि पुढच्याच वर्षी तो माँट्रियलच्या संघाने जिंकला. आज हा चषक जगातील सर्वांत श्रीमंत धंदेवाईक हॉकीचे भूषण मानला जातो. पण मुळात तो हौशी खेळाडूंसाठी होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पुढे पैसे घेऊन खेळणारे संघ बलिष्ठ झाले आणि चषक त्यांच्याकडे गेला. तेव्हा कॅनडाने काय केले? हौशी खेळाडूंना वाऱ्यावर सोडले नाही. सर माँटेग्यू ॲलन ह्यांच्या नावाचा निराळा चषक 1909 पासून हौशी संघांना दिला जाऊ लागला. धंदेवाईकांचे घर वेगळे झाले, तरी हौशींचे घर मोडले नाही.

नॅशनल हॉकी लीग ही साखळी स्पर्धा 26 नोव्हेंबर 1917 रोजी माँट्रियललाच स्थापन झाली. पहिल्या हंगामात चार संघ खेळू लागले. त्यांपैकी माँट्रियल वाँडरर्स आणि कॅनेडियन्स ह्या दोघांचे क्रीडागृह एकच होते. 1918 च्या जानेवारीत ते आगीत भस्मसात झाले. आपत्ती दोघांवर सारखीच कोसळली, पण परिणाम निराळा झाला. कॅनेडियन्स दुसऱ्या मैदानी गेले आणि आजही खेळत आहेत. वाँडरर्सनी मात्र पूर्वी अनेकदा स्टॅन्ली चषक जिंकला असूनही कायमची रजा घेतली. आगीच्या आधीच त्या संघाला खेळाडूंची चणचण भासत होती. नव्या गड्यांचा ओघ आटला की कोणत्याही संघाची हीच गत व्हायची.

हा धडा त्या लोकांनी चांगलाच गिरविला असावा. आज त्या साखळीत 32 संघ आहेत, पण त्यांच्या खाली दुय्यम साखळ्या आहेत, त्यांच्याही खाली कुमारांच्या साखळ्या आहेत, आणि सर्वांत तळाशी गावोगावच्या हौशी संघटना व घरामागे पाणी गोठवून खेळणारी मुले आहेत. स्वीडनमध्ये तर खालच्या साखळीतील संघ पराक्रम गाजवून वर चढतो आणि वरचा नापास झाल्यास खाली उतरतो.

वाँडरर्स हे नाव भोपाळच्या वृद्धांच्या कानाला परके नाही. भोपाळ वाँडरर्स नावाचा नामांकित संघ ह्या शहरात होता. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकात ध्यानचंदांच्या संघातून भोपाळचे अहमद शेर खाँ आणि अहसान महंमद खाँ खेळले. अहमद शेर ह्यांचे चिरंजीव अस्लम शेर खाँ ह्यांनी 1975 मध्ये क्वालालंपूरला, मलेशियाविरुद्ध हरत आलेल्या उपान्त्य सामन्यात बदली खेळाडू म्हणून उतरून बरोबरीचा गोल केला, आणि भारताने पुढे विश्वचषक जिंकला. असे खेळाडू कोणी पैसे मोजून विकत आणलेले नव्हते. ते मोहल्ल्यांच्या मैदानांतून वर आले.

आणि मग पुन्हा माँट्रियल! 1976 चे ऑलिंपिक त्या शहरी भरले. हॉकीचे सामने तेथे प्रथमच कृत्रिम हिरवळीवर झाले आणि वर्षापूर्वीचा जगज्जेता भारत सातव्या क्रमांकावर घसरला. मातीचे मैदान कोणालाही परवडे. ही हिरवळ अंथरणे ही श्रीमंतीची बाब. गल्लीतले मूल आणि मोठे मैदान ह्यांच्यातले अंतर त्या दिवसापासून वाढत गेले.

2012 मध्ये वर्ल्ड सीरीज हॉकी ही धंदेवाईक साखळी निघाली. आठ संघांत भोपाळ बादशहा होते. ऐशबागच्या मैदानावर सामने झाले, आणि शहराचा ऑलिंपिकपटू समीर दाद त्या संघातून खेळला. अंतिम सामन्यात शेर-ए-पंजाबने आपल्या पुण्याच्या संघाला 5-2 असे हरविले. दुसरा हंगाम मात्र उजाडलाच नाही. 2013 साली हॉकी इंडिया लीग सुरू झाली, 2017 नंतर ती थांबली आणि 2024 च्या डिसेंबरात पुन्हा उभी राहिली. पण ह्या पुनरुज्जीवनात भोपाळचा संघ नव्हता.

धंदेवाईक साखळ्या नकोत, असे माझे म्हणणे नाही. खेळाडूच्या घामाला मोल मिळालेच पाहिजे. माझे म्हणणे एवढेच की, साखळी वरून लोंबत ठेवता येत नाही. तिचा पहिला दुवा जमिनीत रोवलेला असावा लागतो. पुरावा हवा असेल तर आपल्याच लडाखकडे पाहा. तेथे धंदेवाईक साखळीचे वैभव नाही. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर मुली बर्फावरची हॉकी शिकल्या, आणि बहुतांशी लडाखी मुलींच्या भारतीय संघाने 2025 च्या आशिया चषकात कांस्यपदक पटकावले.

लडाखला निसर्ग मैदान फुकट देतो. भोपाळला ते माणसांनीच राखावे लागेल. म्हणून पुढच्या वेळी एखाद्या मोठ्या साखळीची जाहिरात आपण वाचाल, तेव्हा तिच्या संघांची किंमत जरूर पाहा. पण त्याबरोबर आपल्या वस्तीतील मैदानाचे फाटक संध्याकाळी मुलांसाठी उघडे असते की नाही, हेही एकदा जाऊन पाहा. पुढचा अहमद शेर त्या फाटकातूनच आत येणार आहे.